नाव घेऊन वाजवायचं

गाण्याचं नाव हल्ली कोणी सांगत नाही. हळदीच्या मांडवात बेंजो लावून बसलो की एखादी मुलगी येते, फोन माझ्या कानाशी धरते, अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकवते आणि म्हणते, "काका, हे वाजवा." कोणाचं आहे गो, असं विचारलं की ती मैत्रिणीकडे बघते. मैत्रीण सांगते, "रीलवर आहे ना ते." एवढा पत्ता त्यांना पुरतो. मला पुरत नाही, कारण मला ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं असतं आणि फोनवर आहे तो तुकडा बहुतेक वेळा मधलाच असतो.

मी मालगुंडचा. दिवसा वायरिंगची कामं करतो. लग्नसराई, गणपती आणि शिमगा आला की बेंजो पार्टीत बसतो. पार्टी म्हणजे बेंजो, ऑक्टोपॅड, ढोल, ताशा, टिमकी आणि टेम्पोवर बांधलेले स्पीकर. एका बाजूला जयगड, दुसऱ्या बाजूला नेवरे, वर चाफे-जाकादेवी, इतक्या टापूत आमच्या सुपाऱ्या असतात. गणपतीपुळे तर गावाला लागूनच. तिथे बाराही महिने पर्यटक, त्यामुळे पुण्या-मुंबईत कोणतं गाणं चाललंय हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळावं लागत नाही. किनाऱ्यावर पोरं काय लावून नाचतात ते ऐकलं की पुढच्या महिन्यात मांडवात काय मागणार ते समजतं.

2024च्या फेब्रुवारीत संजू राठोडचं 'गुलाबी साडी' आलं तेव्हा असंच झालं. आधी ते पुळ्याच्या किनाऱ्यावर ऐकू आलं, मग आमच्या गायवाडीच्या किनाऱ्यावर. मार्च सरेपर्यंत वाडीतल्या बायकांच्या तोंडी बसलं आणि मे महिन्यात त्याच्याशिवाय एकही हळद पार पडली नाही. बायका गुलाबी साड्या नेसून, ठरवून येत. एका मांडवात तर नवऱ्यामुलाच्या आत्या, मावश्या, चुलत्या सगळ्या एकाच रंगात. त्यांनी मला हळद लागायच्या आधीच बजावून ठेवलं होतं की ते गाणं सुरू करायच्या आधी खूण करायची, म्हणजे सगळ्या जणी पुढे येतील.

हे गाणं इतकं का पसरलं याचा मी वाजवता वाजवता विचार केलाय. गाण्यातली बाई नटूनथटून आपल्या माणसाला म्हणते की माझा फोटो काढ. बस, एवढीच मागणी. पण ज्या वस्तूवर ते गाणं ऐकलं जातं त्याच वस्तूने फोटो काढायचा असतो. म्हणजे गाणं ऐकणारा माणूस गाण्यात सांगितलेलं काम त्याच क्षणी करू शकतो. चंद्र-चांदण्यांची गाणी ऐकून माणूस फार तर मान डोलावतो; इथे हातातला फोन आपोआप वर जातो. त्यात साडी. साडी प्रत्येक घरात आहे. आजीपासून नातीपर्यंत कोणीही त्या गाण्यात उभी राहू शकते, नाचता यायलाच हवं अशी अट नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बायका, ज्या लग्नात कायम मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून असायच्या, त्या या गाण्याला मधोमध आल्या, हे मी डोळ्यांनी बघितलं. त्या राठोडचे माझ्यावर उपकार आहेत असं मला त्या दिवसांत खरंच वाटायचं.

आता वाजवण्याची गोष्ट. आमचा बेंजो म्हणजे अमेरिकेतला ढोलक्यासारखा बँजो नव्हे. पुस्तकांतून ज्याला बुलबुल तरंग म्हणतात ते हे वाद्य. जपानात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेलं तैशोगोतो नावाचं वाद्य आपल्याकडे आलं आणि आपलं झालं. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या, वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने प्लास्टिकच्या पत्तीने तार छेडायची. खाली पिकअप लावून आवाज अँप्लिफायरला दिला की तो चार वाड्या ओलांडून जातो. या वाद्याचा गुण हा की बटण दाबलं की सूर अचूक पडतो, आणि मर्यादाही हीच. दोन सुरांच्या मधली जागा त्याला ठाऊक नाही. गायक एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो तशी मींड बेंजोवर निघत नाही. शेजारची बटणं भराभर दाबून तिचा भास तेवढा करावा लागतो.

म्हणून 2023मध्ये 'महाराष्ट्र शाहीर'मधलं 'बहरला हा मधुमास' गाजलं तेव्हा माझी परीक्षा झाली. गुरू ठाकूरचे शब्द, अजय-अतुलची चाल आणि श्रेया घोषालचा गळा. त्या गळ्यातल्या बारीक हरकती बटणांवर आणायच्या म्हणजे बोटं दुखून येतात. मी त्या गाण्याचा रियाज घरी पंखा बंद करून करायचो, कारण पंख्याच्या आवाजात हरकतीचं शेवटचं टोक ऐकू यायचं नाही. मांडवात कोणी एवढं बारीक ऐकत नाही हे खरं. पण माझ्या ताशेवाल्याने एकदा मान वर करून बघितलं आणि मला ते पुरलं. आजच्या पॉप गाण्यांचं त्याच्या उलट आहे. त्यांतला आवाज मशीनने सुरावर सरळ बसवलेला असतो, पायऱ्या चढावं तसा एका सुरावरून दुसऱ्यावर जातो. तो बेंजोवर अलगद उतरतो. 'गुलाबी साडी' मी एका संध्याकाळी बसवलं. वाद्याची मर्यादा आणि गाण्याची घडण एकमेकांना अशी जुळली की ऐकणाऱ्याला वाटावं, हे गाणं बेंजोसाठीच केलंय.

सगळीच गाणी अशी बसत नाहीत. 2024मध्येच क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' आलं. परदेशातल्या स्पिनिन रेकॉर्ड्ससारख्या मोठ्या डान्स म्युझिक कंपनीने मराठी गाणं काढलं, याचा मला फार अभिमान वाटला. पण बेंजोवर ते काय वाजवणार? त्यात चाल कमी, बोलणं जास्त, आणि सगळा जीव ठेक्यात. आम्ही मग ते ऑक्टोपॅडवाल्यावर सोपवलं आणि मी एकाच बटणावर, शब्दांच्या जितक्या अक्षरांना जोर आहे तितके आघात देत राहिलो. सूर बदलत नाही, नुसती पत्ती चालते. लांबून ऐकणाऱ्याला शब्द माहीत असतील तर ते त्याच्या डोक्यात आपोआप उमटतात. माहीत नसतील तर मात्र नुसता खडखडाट. व्हायरल गाण्याचा आम्हाला फायदा तो हाच: शब्द लोकांनी घरून पाठ करून आणलेले असतात.

आमच्या आधीच्या पिढीला गाणं कॅसेटमधून यायचं. वेसावकर आणि मंडळींची कोळीगीतं, प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, रत्नागिरीच्या बाजारातून कोणीतरी कॅसेट आणायचं आणि ती घरोघर फिरायची. खोक्याच्या आत घडी घातलेला कागद असे. त्यावर गीतकार, संगीतकार, गायक, कधी कधी वादकांचीही नावं. मी लहान असताना ते कागद वाचत बसायचो. कुठलं गाणं कोणी लिहिलं हे आम्हा पोरांना असं पाठ असायचं. पुढे मोबाइलची मेमरी कार्डं आली, दुकानदार एका कार्डात शेकडो गाणी भरून द्यायचा, आणि तो कागद गेला. 2015चं 'शांताबाई' आणि त्याच्या पुढच्या वर्षीचं 'झिंगाट' ही माझ्या हातून अगणित वेळा वाजलेली गाणी. 'झिंगाट' सिनेमातलं, तेव्हा अजय-अतुल हे नाव सगळ्यांना माहीत. पण 'शांताबाई' गाणारा संजय लोंढे आहे हे वरातीत नाचणाऱ्या किती जणांना ठाऊक होतं? आता रील आल्यावर तर गाणं अर्ध्या मिनिटाचं झालं आणि खाली बारीक अक्षरांत सरकणारं नाव कोणी वाचेल तर वाचेल. त्यातही 'ओरिजिनल ऑडिओ' असं आलं की तिथे असतं ते व्हिडिओ चढवणाऱ्याचं नाव. चाल बांधणारा दुसराच कोणी असू शकतो.

गाण्याबरोबर कर्त्याचं नाव घेतलंच पाहिजे, हे माझं मत ठाम आहे, आणि ते कायद्यामुळे झालं. गणपतीपुळ्यातल्या एका हॉटेलात संगीत रजनी होती. तिथे गाण्यांचं लायसन्स लागतं, गीतकार-संगीतकारांच्या संस्थेला पैसे भरावे लागतात, हे मला तेव्हा कळलं. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही ती संस्था, 1969पासूनची. मला काळजी लागली की आम्ही वरातीत एवढी गाणी वाजवतो, उद्या आमच्याकडेही कोणी पावती मागितली तर? ओळखीच्या वकिलांना विचारलं. त्यांनी 1957च्या कॉपीराइट कायद्यातलं 52वं कलम काढून दाखवलं. धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत, लग्नाशी निगडित समारंभात गाणं वाजवलं तर तो हक्कभंग होत नाही. म्हणजे हळदीत, वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत आम्ही कोणाचंही गाणं वाजवावं, कोणाला काही देणं लागत नाही. वकील म्हणाले, "निर्धास्त वाजवा."

निर्धास्त झालो खरा, पण त्या रात्री मनात दुसरंच सुरू झालं. सुपारीचे पैसे आम्ही घेतो. ज्याच्या चालीवर घेतो त्याला कायद्याने एक रुपयाही द्यायचा नाही. 2012मध्ये हाच कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कोणाला काढून घेता येऊ नये म्हणून. त्यासाठी जावेद अख्तर संसदेत बोलले होते. ज्या वाट्यासाठी एवढ्या मोठ्या माणसांना भांडावं लागलं, तो आम्हाला द्यावाच लागत नाही. मग पैसे नाहीत तर निदान नाव तरी घ्यावं. तेव्हापासून आमच्या पार्टीत नियम केला. नवीन गाणं वाजवायच्या आधी ढोलवाला माइकवर सांगणार: गाणं अमुक, लिहिलं अमक्याने, चाल अमक्याची. 'गुलाबी साडी'ला सांगणं सोपं होतं. शब्द, चाल आणि आवाज तिन्ही संजू राठोडचे, संगीत जी-स्पार्कचं, व्हिडिओत प्राजक्ता घाग. जळगाव जिल्ह्यातला मुलगा, हेही आम्ही जोडायचो. पहिल्या पहिल्यांदा पोरं ओरडली, "बोलणं बंद, वाजवा!" आता ती थांबतात. एका मांडवात तर जळगावकडची सून होती. माइकवर जळगावचं नाव ऐकून ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि गाणं संपेपर्यंत उभी राहिली.

जळगावचं नाव मालगुंडात उच्चारताना मला आणखी एक गोष्ट आठवते, आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचं गाव केशवसुतांचं. कवी केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, 1866मध्ये इथे जन्मले. कोकण मराठी साहित्य परिषदेने इथे त्यांचं स्मारक उभं केलं, 1994च्या मे महिन्यात कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दगडांवर कोरलेल्या त्यांच्या कविता वाचत मी मोठा झालोय. स्मारकातलं वायरिंगचं छोटंमोठं काम असलं की मी आनंदाने जातो. तिथेच कळलं की केशवसुतांनी मास्तरकी केली ती खानदेशातही, भडगावला आणि फैजपूरला. दोन्ही गावं आजच्या जळगाव जिल्ह्यात. त्यांच्या कविता छापणारं 'काव्यरत्नावली' हे मासिकही जळगावातून निघायचं, नारायण नरसिंह फडणीस ते चालवायचे. मालगुंडच्या कवीच्या ओळी जळगावात छापल्या जात आणि टपालाने महाराष्ट्रभर पोचत. आज जळगावकडच्या पोराचं गाणं फोनवरून मालगुंडात येतं. रस्ता तोच आहे, उलट्या दिशेने.

केशवसुतांचा कवितासंग्रह त्यांच्या हयातीत निघाला नाही. 1905मध्ये हुबळीला प्लेगने ते गेले, वय चाळीसही नव्हतं. मासिकांतून विखुरलेल्या कविता पुढे हरिभाऊ आपट्यांनी एकत्र करून छापल्या. कोणीतरी नाव धरून ठेवलं, म्हणून आज आमच्या गावाला ते नाव आहे. नाहीतर 'तुतारी' ही कविता कोणाची हे कदाचित कोणाला सांगता आलं नसतं. स्मारकावरून टेम्पो नेताना हा विचार माझ्या मनात हटकून येतो.

गाणं फिरत राहिलं आणि कर्त्याचं नाव मागे राहिलं, ही अडचण काही फोनने आणलेली नाही. आमच्या कोकणातल्या जाखडी नाचाच्या शाहिरांनी तिच्यावर फार पूर्वीच उपाय शोधलाय. गणपतीत शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या, म्हणजे दोन शाहिरांचे सामने, रंगतात तेव्हा बघावं. गण होतो, गौळण होते, मग सवाल-जबाब. शाहीर चाली कुठूनही घेतो, सिनेमातून, भजनातून, आता रीलमधूनही. 2024च्या गणपतीत शेजारच्या गावच्या एका शाहिराने 'गुलाबी साडी'च्या चालीवर गौळण बांधली होती. राधा यमुनेवर निघालीय आणि पेंद्या वाटेत आडवा आलाय. समोरचे चाकरमानी चाल ओळखून शिट्ट्या मारायला लागले आणि म्हातारे राधेच्या बोलांवर माना डोलावत होते. एकाच चालीत दोन्ही पिढ्या बसल्या होत्या. पण शेवटच्या चरणात शाहिराने रिवाजाप्रमाणे आपल्या गुरूचं नाव घातलं, स्वतःचं घातलं, गावाचं घातलं. संतांच्या अभंगात 'तुका म्हणे' येतं, त्याच परंपरेतलं हे. ती गौळण आता कोणीही कुठेही म्हणो, नाव काढून टाकायचं तर यमकच मोडेल.

आमच्या ऑक्टोपॅडवाल्याचा मुलगा कॉलेजात जातो. फोनवरच ठेका जुळवून, त्यावर स्वतःचे शब्द लिहून त्याने एक गाणं केलं. आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या मुलींचं गाणं आहे, मेच्या उन्हात बागेत पेंढा पसरून बसलेल्या. चांगलं झालंय, माझ्या पोराचं असतं तरी मी याहून जास्त कौतुक केलं नसतं. त्याने ते फोनवर टाकलं आणि थोडे दिवस ते रत्नागिरीकडच्या पोरांच्या रीलमध्ये फिरलं. पण ते त्याच्या नावाने फिरलं नाही. कोणीतरी पहिल्यांदा दुसऱ्या व्हिडिओला लावून चढवलं, पुढच्यांनी तिथून उचललं, आणि सगळीकडे त्या दुसऱ्याचंच नाव. पोरगा दोन दिवस जेवला नाही नीट. मी त्याला घेऊन त्या शाहिराकडे गेलो. शाहिराने त्याला फार काही शिकवलं नाही, शेवटचा चरण तेवढा बांधून घेतला. आता त्याच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्याचं नाव आणि मालगुंड येतं. मी त्याला म्हटलं, शेवटी ठेवून भागायचं नाही, रीलवाला शेवटपर्यंत जात नाही. पहिल्याच ओळीत घाल. हल्ली रॅपवाले आणि बीट बनवणारे सुरुवातीलाच आपलं नाव घेतात, ते उगीच नव्हे. त्याने घातलं. पेट्या भरणाऱ्या पोरीच त्याला नावाने हाक मारतात, अशी सुरुवात केली आहे. गाण्याला ती शोभली.

या एप्रिलपासून ते गाणं आमच्या पार्टीत आहे. बेंजोवर छान बसतं, मधल्या ओळीला दोन बटणं लांबून घ्यावी लागतात एवढंच. पण वाजवायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याने पहिल्या ओळीत इतक्या कष्टाने बसवलेलं नाव माझ्या वाद्यात येतच नाही. बेंजोला शब्द नाहीत. सूर तेवढे निघतात, सहा अक्षरांचे सहा आघात, आणि ऐकणाऱ्याला त्यातून कळणार काय? म्हणून त्याच्या गाण्यालाही माइक लागतो. ढोलवाल्याला मी सांगून ठेवलंय, रात्रीचे दहा वाजत आले असले, पोलीस पाटील घड्याळ दाखवत उभे असले आणि एकच गाणं वाजवायला वेळ उरला असला, तरी आधी नाव, मग ठेका.